झडतीवाला देवमन

अकोल्याच्या जुन्या शहरात देवमन समोरून येताना दिसला की माणसं नकळत स्वतःचे खिसे चाचपत. तो चोर होता म्हणून नव्हे. चोरांशी तर त्याचं हाडवैर. एका कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर तो झडती घ्यायला उभा असे, आणि हे काम त्याने एक नाही दोन नाही, बावीस वर्षं केलं. पाळी सुटल्याचा भोंगा झाला की कामगारांची रांग लागे आणि देवमनची दहा बोटं एकेकाच्या पागोट्यापासून धोतराच्या निऱ्यांपर्यंत फिरत. मूठभर रुई कुठे दडली आहे ते त्याला कपड्यावरून हात फिरवला की कळायचं. एकदा एक पठ्ठ्या पायाला पट्टी बांधून लंगडत लंगडत रांगेत आला. सगळे म्हणाले, जाऊ दे बिचाऱ्याला. देवमनने त्याला खाली बसवलं, पट्टी सोडली, तर आत पावशेर रुई. जखम नाही, फोड नाही, काही नाही. पठ्ठ्या मग दोन्ही पायांनी असा पळाला की पुन्हा त्या जिनात दिसला नाही.

आता असं काम बावीस वर्षं केलं की ते बोटांतून डोक्यात जातं. देवमनच्या डोक्यात ते पार घर करून बसलं होतं. गवळ्याचं दूध तो बोट बुडवून पाही, भाजीवालीचं वांगं नखाने टोचून पाही, आणि कोणी जरा गोड बोललं की याच्या कपाळाला आठी. रविवारी उपासनेत पाळकसाहेब उपदेश करत तेव्हाही हा बाबा डोळे बारीक करून बसलेला. देवमन ख्रिस्ती होता, कालपरवाचा नव्हे, जन्माचा. मोठ्या दुष्काळात त्याच्या बापाला मिशनवाल्यांनी पोसलं, तिथेच त्याचा बाप्तिस्मा झाला आणि तिथेच लग्न. प्रभू तिसऱ्या दिवशी कबरीतून उठला, हे देवमन पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेला. पण बारा शिष्यांतला त्याला खरा आवडायचा तो एकच, ज्याने प्रभूच्या हातांवरच्या खिळ्यांच्या खुणा पाहिल्याबिगर तो उठला हे मानणार नाही म्हणून सांगितलं. "तेवढाच एक हुशार होता," देवमन म्हणायचा. "बाकीच्याईनं नुसतं आयकलं अन् मानलं."

त्याची बायको सुंदराबाई मोर्शीची. घरी बसून लोकांच्या गोधड्या शिवायची. तिचा स्वभाव नवऱ्याच्या अगदी उलटा. गवळ्याने पाणी घातलं तरी म्हणायची, त्याच्या म्हशीले प्यास लागली असन. तिची एक सवय होती. पहाटे उठून ती प्रार्थना करी, दाराची कडी काढी, उजेड आत घेई आणि नवऱ्याच्या अंगावरचं पांघरूण ओढून म्हणे, "तो उठला, आता तुमीबी उठा." लग्न झाल्यापासून रोज हेच. देवमनने याला कधी उत्तर दिलं नाही. नुसता 'हं' करायचा आणि कूस बदलायचा.

लग्नानंतर पाच वर्षांनी त्यांना मुलगी झाली. शालू. झडतीवाल्या देवमनचे खिसे जर कोणी बिनधास्त तपासले असतील तर ते या पोरीने. तो घरी आला की ती त्याच्या खाकी कोटाच्या चारही खिशांत हात घालून पाही आणि गुळाचा खडा सापडला की "चोर सापडला!" म्हणून ओरडे. सत्तावनच्या उन्हाळ्यात, सहा वर्षांची असताना, तिला मुदतीचा ताप आला. नवव्या दिवशी ती गेली. मोर्णा नदीच्या काठी मिशनचं कबरस्तान आहे, तिथे लहान लेकरांच्या कोपऱ्यात तिला पुरलं. देवमनने सागाच्या दोन पट्ट्या आणून स्वतः क्रूस जोडला आणि डांबराने त्यावर तिचं नाव लिहिलं. त्यानंतर तो त्या कोपऱ्याकडे फिरकला नाही. वर्षातून एकदा, पुनरुत्थानाच्या सणाला, सगळी मंडळी पहाटे कबरस्तानात जमायची तेव्हा हा मागे उभा राहायचा, लांबून क्रूस आहे एवढं बघायचा आणि मान फिरवायचा. बघवतच नव्हतं त्याला.

पण खरी गोम पुढे आहे. पोरीला पुरून आल्यावर चौथ्या दिवशी पहाटे सुंदराबाईने कडी काढली आणि रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "तो उठला, आता तुमीबी उठा." देवमन अंथरुणात ताठ झाला. पोटची पोर मातीत ठेवून आलेली बाई असं कसं बोलू शकते? याच्या मनात पाल चुकचुकली ती तेव्हाची.

एकसष्ट सालचा माघ महिना असेल. जिन जोरात चालू होतं. देवमन पहाटे पाचला घर सोडायचा तो अंधार पडल्यावर यायचा. रविवारी उपासनेपुरता काय तो सुटायचा, पुरी सुट्टी फक्त मंगळवारी. एका संध्याकाळी शेजारची पार्बताबाई ओट्यावर तांदूळ निवडत बसली होती. ही बाई म्हणजे गल्लीचं फाटकच. तिला चुकवून कोणी जाऊ शकत नसे.

"देवमनभाऊ, रागावू नका," ती म्हणाली, "पन सुंदराबाई रोज पहाटे कुठी जाते जी?"

"पान्याले गेली असन."

"पान्याले कोनी फुलं घेऊन जाते का? तुमी गेले का ते निंघतेच. अन् येते थे कशी! तोंड उजळून राह्यलेलं, गुनगुन चालू. मले काय करा लागते बाप्पा, दिसलं ते सांगतलं." आणि ती पुन्हा तांदळात डोकं घालून बसली.

झालं! देवमन घरात गेला. सुंदराबाईने भाकर वाढली. त्याने भाकरीकडे पाहिलंच नाही, तिच्या बोटांकडे पाहिलं. नखांच्या कडांना पांढरा चुना. आता, सणाच्या आधी कबरी सारवून चुन्याने पांढऱ्या करायची ख्रिस्ती घरांत रीत आहे, ते खरं. पण सण दोन महिन्यांवर आणि हिच्या नखांत चुना आजच? दारातल्या सदाफुलीकडे पाहिलं, तर झाडाला एक फूल नाही. कुठेतरी पाणी मुरत होतं. तुम्हीआम्ही असतो तर सरळ विचारलं असतं, काय गं, कुठे जातेस? पण देवमनचं शास्त्र वेगळं. विचारलं की माणूस सावध होतो. झडती घ्यायची ती न बोलता.

मंगळवारी तो झोपेचं सोंग घेऊन पडून राहिला. सुंदराबाईने फुलं खुडली, डबा घेतला, आवाज न करता दार ओढलं. देवमन तिच्या मागे. पूल ओलांडून ती काठाकाठाने कबरस्तानाकडे वळली, तसा त्याचा जीव थोडा खाली बसला. जात असेल पोरीकडे. कबरस्तानाची जुनी भिंत दोन वर्षांपूर्वीच्या पुरात पडली होती. मिशनने ती नव्याने, चांगली डोक्याइतकी बांधून एकच लोखंडी फाटक बसवलं होतं. देवमन फाटकाच्या खांबाआडून बघत राहिला.

सुंदराबाई शालूच्या क्रूसापाशी आली, त्यावरून नुसता हात फिरवला आणि पुढे गेली. पुढे गेली! चार कबरी सोडून पाचवीपाशी बसली. पदराने माती झाडली, डब्यातला चुना कुंच्याने लावला, फुलं ठेवली. मग त्या कबरीशी काहीतरी बोलली आणि हसली. देवमनने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, हसली.

ती निघाली तसा तो भिंतीला चिकटून राहिला. ती गेल्यावर आत गेला आणि क्रूसावरची अक्षरं वाचली. चंद्रभान यांचा मुलगा, वय वर्षे दोन.

देवमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. चंद्रभान म्हणजे मिशन दवाखान्यातला कंपाउंडर. बायको बाळंतपणात वारलेली, दोन वर्षांनी लेकरूही गेलेलं. तेल लावून चापून बसवलेला भांग, इस्त्रीचा सदरा, आणि उपासनेत गाणं असं म्हणायचा की बायका पदर डोळ्याला लावायच्या. शालूच्या औषधाच्या पुड्या यानेच बांधून दिल्या होत्या, दोनदा घरीही येऊन गेला होता. देवमनला एकदम सगळं आठवायला लागलं, आणि आठवलं ते सगळं वाईटच आठवलं.

तरी गडी पक्का. एका झडतीवर त्याने कधी कोणाला धरलं नव्हतं. दुसऱ्या मंगळवारी पुन्हा गेला. सुंदराबाई पुन्हा त्याच कबरीपाशी. तिसऱ्या मंगळवारी पुन्हा तीच. तीन वेळा बघितलं, आता आणखी काय पाहिजे? रविवारी उपासना सुटल्यावर चंद्रभान दारात म्हणाला, "सलाम, सुंदराबाई." ती म्हणाली, "सलाम, भाऊ." देवमनला ते 'भाऊ'सुद्धा जास्तच गोड वाटलं. मग एके दिवशी ती नळावर गेलेली बघून त्याने तिच्या शिवणाच्या पेटीची झडती घेतली. तळाशी चिंध्यांत गुंडाळलेला एक रिकामा पत्र्याचा डबा निघाला. वर दवाखान्याची चिठ्ठी डकवलेली. कोणी दिला असेल हा, सांगायला पाहिजे का? त्याने डबा पुन्हा चिंध्यांत गुंडाळून होता तिथे ठेवला.

झावळ्यांच्या रविवारी, सणाला बरोबर आठ दिवस असताना, जेवण झाल्यावर तो म्हणाला, "सन झाला का तू मोर्शीले जाजो. भावाकडे."

"काहून? वहिनी बिमार हाय का?"

"कोनी बिमार नाई. बोचकं बांध अन् जाजो."

"किती दिवसासाठी?"

"कायमची."

सुंदराबाई हातातली ताटली घेऊन तशीच उभी राहिली. पंधरा वर्षांचा संसार, पोर गेलेली, आणि हा माणूस तोंड न बघता बोचकं बांध म्हणतो. तिने ताटली खाली ठेवली, थोडा वेळ नवऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "बरं. पन परवाच्या मंगळवारी मले पहाटे काम हाय. थे होऊ द्या."

मंगळवारी! तोंड वर करून तिने वार सांगितला! देवमनला वाटलं, हिच्या निर्लज्जपणाला आता हद्द राहिली नाही. त्या दोन दिवसांत त्याला अन्न गोड लागलं नाही. फाटकावर त्याने तीन निर्दोष माणसांना अंगरखा काढायला लावला, आणि काही न सापडल्याबद्दल त्यांनाच शिव्या दिल्या. मनातून मात्र तो पार मोडला होता. हीसुद्धा गेली तर घरात कडी काढायला कोण उरणार, हे त्याला आत कुठेतरी कळत होतं, आणि म्हणूनच तो जास्त चिडत होता.

मंगळवारी तो तिच्या आधी निघाला. कबरस्तानात पुरात आडवा झालेला मोठा कडुनिंब तसाच पडून होता. त्याच्या ओंडक्यामागे जाऊन बसला. कबरी खणणारा म्हातारा जानराव फाटकाजवळच्या आपल्या खोपटीसमोर दात घासत होता. थोड्या वेळाने सुंदराबाई आली. शालूच्या क्रूसाला हात लावला, पुढे गेली, पाचव्या कबरीपाशी बसली. तिने कुंचा चुन्यात बुडवला आणि देवमन उठून उभा राहिला.

"काय चाललं हाय हे?"

ती दचकली नाही. "आले का," ती म्हणाली. "मले वाटलं, आजबी आडूनच पाहून जाता का काय."

"तुले मालूम होतं?"

"तुमच्या चपलेचा आवाज पंधरा वर्षं आयकून राह्यली मी. पहिल्याच मंगळवारी समजली."

आता देवमनला धीर धरवेना. "मंग सांग. हा चंद्रभान तुहा कोन लागते?"

कुंचा तिच्या हातातून गळून पडला. जे त्याच्या पोटात आहे ते तिला दोन महिने ठाऊक होतं, पण कानांनी ऐकणं वेगळं. तिचे डोळे भरून आले. "इचारलं एकदाचं," ती म्हणाली. "सुचलं तुमाले इचाराचं." मग पदराने तोंड पुसून तिने हाक मारली, "जानराव! इकडे ये बापा. यायले सांग जे मले सांगतलं थे."

जानराव आला. देवमनला बघून तो दोन पावलं मागे सरला. आधी तो तिच्याकडे बघत राहिला. ती मान हलवून 'सांग' म्हणाली, तेव्हा बोलला.

"दादा, एकोनसाठचा पूर उतरला तवा इथं काईच नोतं. भिंत नाई, निंब आडवा, अन् लेकराईच्या कबरी सपाट. हातभर गाळ सगळ्यावर. क्रूस वाहून गेलेले, खालच्या बाभळीत अटकलेले. साताचे सात सापडले. पाळकसाहेब पाहाले येनार होते, मी भेलो. गाळ वढला तं सात खड्ड्याच्या जागा लागल्या, त्याईवर ढिगारे केले अन् हाती आला तो क्रूस ठोकला. मले वाचता येत नाई, दादा. येत असतं तरी काय, कोन कुठी थे वळखाले खूनच नोती राह्यली."

देवमनला पहिल्यांदा कळलंच नाही. मग कळलं. "म्हंजे शालूच्या क्रूसाखाली..."

"शालू असन. नाई तं नसन. सातातल्या एकीत हाय, हे पक्कं. कोनत्या, थे मले मालूम नाई."

देवमनने म्हाताऱ्याची गचांडी धरली. "दोन वर्षं! दोन वर्षं आमी लोकाच्या मातीले हात जोडून राह्यलो? अन् तू दात काढत सलाम करत होता?" जानरावने हात जोडले. देवमनचा दुसरा हात वर गेलाही, पण खाली आला नाही. कारण त्या क्षणी त्याला दुसरीच गोष्ट आठवली. पुरानंतरच्या गेल्या सणाला तो स्वतः इथे उभा होता. क्रूस लांबून बघितला आणि मान फिरवली. दुधात बोट घालणारा, लोकांच्या जखमा सोडून बघणारा हा झडतीवाला आपल्या पोरीच्या कबरीपाशी मात्र एकदाही वाकला नव्हता. वाकला असता तर माती नवी आहे, हे त्या बोटांना लगेच कळलं असतं.

"सोडा त्याले," सुंदराबाई म्हणाली. "पूर आला तवा मी मोर्शीले होती. आल्याबरोबर इथं आली. आपल्या शालूच्या उशाशी म्या एक गोटा ठेवला होता, थो नोता. मले शक आला. जानरावले इचारलं, तं इचारल्याबरोबर रडाले लागला बिचारा."

देवमनने हात सोडला.

"महिनाभर माह्या घशाखाली घास नाई उतरला," ती म्हणाली. "तुमाले वाटलं, हिवताप हाय. मंग एका सकाळी कडी काढली अन् तोंडातून नेहमीचं निंघालं, तो उठला म्हनून. अन् मीच थबकली. म्हनलं, बाई, तू हे रोज म्हनते, पन मानते का? मानत असशीन तं मंग सातातली कोनती, हे इचारून काहून मरून राह्यली? ज्याले तिले उठवाचं हाय त्याले तं मालूम हाय न!"

तिने कबरीवरची माती पदराने सारखी केली.

"पन मी माय हाय. ज्या घडीले शालू उठन, त्या घडीले तिच्यापाशी ओळखीचं कोनी पाहिजे. भेईन न थे एकटी. म्हनून वार लावून घेतले. सात लेकरं, सात वार. मंगळवारी हे चंद्रभानभाऊचं. पहिले एका ढिगाऱ्यापाशी रडून घरी येत होती. आता रोज वाटते, आज असन, याच जागी असन. सांगा, कसं हासू येनार नाई?"

"अन् थो डबा?"

"चुना ठेवाले दवाखान्यातून मांगून आनला. दोन आनले होते." एवढ्यातही तिला थोडं हसू आलं. "पेटीबी पाह्यली वाटते."

देवमनला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. "मले काहून नाई सांगतलं?"

"तुमी जानरावले हाकलून देल्लं असतं. अन् बाकीच्या सहा घरच्या मायाईले कळलं असतं. त्याईले हे सोसन का नाई, मले मालूम नाई. म्हनून म्हनलं, आपल्यापाशीच राहू द्यावं."

"अन् परवा बोचकं बांध म्हनलो तवा? तवा तरी सांगाचं होतं व."

"तुमी झडती घेतल्याबिगर मानता का?" सुंदराबाई म्हणाली. "म्हनून तं मंगळवार सांगतला. मोर्शीले जा म्हनसान तं जाईन. पन मंग इथं वार कोन पाहीन, थे सांगा."

देवमन मटकन खाली बसला. चार वर्षांपूर्वी शालूला मातीत ठेवताना तो रडला नव्हता. क्रूस सरळ बसतो आहे की नाही ते बघत उभा होता. आता तो दुसऱ्याच्या लेकराच्या कबरीपाशी, किंवा कोण जाणे स्वतःच्याच, ढसाढसा रडला. जानराव त्याच्यासाठी गडव्यात पाणी घेऊन आला. ते पिऊन झाल्यावर देवमनने खाली पडलेला कुंचा उचलला, त्याची माती झटकली आणि राहिलेली अर्धी कबर पांढरी केली. सुंदराबाईने त्याला किनारीवर हात कसा फिरवायचा ते दाखवलं. मोर्शीचं नाव पुन्हा निघालं नाही.

रविवारी पुनरुत्थानाचा सण. झुंजुमुंजू व्हायच्या आत सगळी मंडळी मेणबत्त्या घेऊन कबरस्तानात जमली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभू उठला आहे!" सगळे म्हणाले, "खरोखर उठला आहे!" मग रीतीप्रमाणे जो तो आपापल्या माणसाच्या कबरीपाशी गेला. लहान लेकरांच्या कोपऱ्यात आज बाकीच्या सहाही क्रूसांपाशी माणसं होती. चंद्रभान आपल्या मुलाच्या क्रूसाशी गुडघे टेकून गात होता. त्याच्या लेकराची कबर पांढरी कोणी केली हे त्याला माहीत नव्हतं, आणि आपण कोणाच्या उशाशी बसलो आहोत हेही नाही. देवमनने त्याच्याकडे पाहिलं आणि दोन महिने ज्याच्यावर दात धरला तो माणूस त्याला पहिल्यांदा नीट दिसला. बिचारा एकटाच होता.

सुंदराबाई मात्र मेणबत्ती घेऊन मधल्या वाटेवर घुटमळत राहिली. रोज एक कबर तिची असायची, आज सगळ्यांना आपापली माणसं आलेली. शालूच्या क्रूसाशी बसावं, तर बाकीच्या सहांकडे पाठ. ती पुटपुटली, "आज कुठी उभं राहावं, समजत नाई."

देवमनने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. नवी भिंत पाहिली, डोक्याइतकी, सगळीकडून बंद. मग म्हणाला, "चाल."

"कुठी?"

"फाटकावर."

"फाटकावर काहून?"

"बावीस वर्षं मी दुसरं काय केलं? आत कितीबी मानसं असू दे, कोनत्याबी कोपऱ्यात असू दे, भाईर निंघाचं तं फाटकातूनच. शालू कोनत्याबी कबरीतून उठू दे, घरी याले इथूनच जाईन न? मंग आपन इथंच उभं राहू. चुकामूक होनार नाई."

सुंदराबाई त्याच्याकडे बघतच राहिली. या माणसाला हे पटलं होतं की नाही, देव जाणे. त्यालाही सांगता आलं नसतं. पण फाटकाचं काम त्याला येत होतं, आणि ते त्याने तिला दिलं. दोघं जाऊन फाटकाच्या दोन खांबांपाशी उभी राहिली, आतल्या बाजूला तोंड करून. मोर्णेपलीकडे उजाडायला लागलं. सुंदराबाई म्हणाली, "तो उठला." देवमन नुसतं 'हं' म्हणाला नाही. त्याने खाकी कोटाच्या खिशात हात घातला, गुळाचा एक खडा काढून तो पुसला आणि परत खिशात ठेवला.

तेवढ्यात जानराव घाईघाईने आला. "दादा, फाटकाचा एक पल्ला लावून घेऊ का? बकऱ्या घुसतेत आत."

"राहू दे," देवमन म्हणाला. "दोनी उघडे राहू दे."